पहिला स्लाइड रोल: फिल्म कोणती घ्यावी आणि लॅब कशी पारखावी

रंगीत निगेटिव्हवर काम करणाऱ्याला लॅब सांभाळून घेते. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा प्रकाश, एखाद-दोन स्टॉप जास्त झालं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश), रंग थोडा पिवळट आला, तरी प्रिंट काढताना किंवा स्कॅन करताना ते सावरता येतं, आणि बऱ्याचदा लॅबवाल्याने काय सावरलं हे आपल्याला कळतही नाही. स्लाइडला, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ रंगांचं पारदर्शक चित्र देणाऱ्या फिल्मला, ही सोय नाही. कॅमेऱ्यात जी पट्टी होती तीच धुऊन तुमच्या हातात येते आणि तेच अंतिम चित्र असतं. म्हणून नव्याने स्लाइडकडे वळणाऱ्यांना माझा आग्रह असा की फिल्म आणि लॅब या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून निवडू नका. चांगली फिल्म ढिसाळ लॅबमध्ये गेली तर पैसे पाण्यात, आणि चूक तुमच्या मीटरिंगची, म्हणजे प्रकाश मोजण्याची, होती की लॅबच्या रसायनाची, हे कळलं नाही तर पुढचा रोलही त्याच वाटेने जातो. पहिला रोल चांगले फोटो मिळवण्यासाठी वापरूच नका. तो लॅब पारखण्यासाठी आणि स्वतःचा मीटर जोखण्यासाठी खर्च करा.

डबीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

खोक्यावर किंवा डबीवर ‘ई-६’ ही स्लाइड धुण्याच्या प्रक्रियेची खूण हवी. फुजीच्या फिल्मवर ‘सीआर-५६’ असंही लिहिलेलं सापडेल. ती ई-६ शी जुळणारीच प्रक्रिया आहे, कोणत्याही ई-६ लॅबमध्ये चालते. ‘सी-४१’ म्हणजे रंगीत निगेटिव्ह धुण्याची प्रक्रिया. नाव ‘क्रोम’वर संपत असेल तर फिल्म बहुधा स्लाइडची, ‘कलर’वर संपत असेल तर निगेटिव्ह, हा ढोबळ नियम कामी येतो.

दोन ठिकाणी मात्र फसगत होते. सिनेमाची फिल्म डब्यांत भरून विकणारे बरेच आहेत. त्यातली कोडॅकची व्हिजन३ ही निगेटिव्ह आहे आणि ती ईसीएन-२ प्रक्रियेत धुतात, तर सिनेमासाठी निघणारी एकटाक्रोम मात्र खरी स्लाइड फिल्म आहे आणि ई-६ मध्येच धुतली जाते. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. दुसरं, आजोबांच्या कपाटात सापडलेले रोल. त्यावर ‘के-१४’ असेल तर ती कोडाक्रोम, कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म. कोडॅकने ती २००९ साली बंद केली आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स गावच्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या लॅबने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांना दिला होता आणि त्यातल्या काही फ्रेम मुंबईत, आपल्या सिनेकलाकारांच्या काढलेल्या आहेत. आज कोडाक्रोम रंगीत धुता येत नाही, फार तर कृष्णधवल धुता येते. ‘ई-४’ लिहिलेली जुनी एकटाक्रोमही ई-६ च्या गरम रसायनात टिकत नाही. असे रोल आठवण म्हणून जपा, कॅमेऱ्यात घालू नका.

कोणती फिल्म

नवीन स्लाइड फिल्मची यादी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. कोडॅकची एकटाक्रोम ई१००, फुजीची प्रोव्हिया १००एफ, व्हेल्व्हिया ५० आणि काही बाजारांत व्हेल्व्हिया १००. कोडॅकने २०१२ साली स्लाइड फिल्म पूर्ण थांबवली होती. २०१७ च्या जानेवारीत एकटाक्रोम परत आणण्याची घोषणा झाली आणि २०१८ साली ई१०० बाजारात आली. फुजीचा पुरवठा अधूनमधून आटतो. व्हेल्व्हिया १०० तर अमेरिकेत २०२१ पासून विकायची बंद झाली, कारण तिच्यात वापरलेल्या एका रसायनावर तिथल्या पर्यावरण खात्याने बंदी आणली.

व्हेल्व्हिया ५० ही १९९० पासूनची फिल्म. बहुतेकांना स्लाइडचा मोह तिच्यामुळेच पडतो. पावसाळ्यातला सह्याद्री, कोकणातली जांभ्याची लाल माती, भाताची खाचरं हे सगळं ती असं काही उचलते की लाइट टेबलवर (खालून उजेड देणाऱ्या टेबलावर) ठेवल्यावर नजर हटत नाही. पण तिचा कॉन्ट्रास्ट (उजेड-सावलीतला फरक) जबर आहे आणि माणसांचे चेहरे लालसर होतात. आयएसओ, म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता, फक्त ५०, म्हणजे ढगाळ हवेत ट्रायपॉड लागणारच. पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावून डोंगरमाथ्यावरचं आकाश काढलंत तर ते शाईसारखं काळंनिळं येतं, तेव्हा तिच्याबरोबर पोलरायझर जपून.

प्रोव्हिया १००एफ संयमी आहे. रंग ठाशीव, पण भडक नाहीत, दाणा अतिशय बारीक. तिचा खरा गुण संध्याकाळनंतर दिसतो. फुजीच्या तक्त्याप्रमाणे १२८ सेकंदांपर्यंतच्या एक्स्पोजरला तिला कसलीही दुरुस्ती लागत नाही. व्हेल्व्हिया ५० ला एक सेकंदाच्या पुढे गेलात की लागते: चार सेकंदांना एक तृतीयांश स्टॉप जास्त प्रकाश, सोळा सेकंदांना दोन तृतीयांश, बत्तीस सेकंदांना पूर्ण एक स्टॉप, शिवाय रंग सावरायला मॅजेंटा (जांभळट गुलाबी) फिल्टर. गडावर मुक्काम करून रात्रीचे फोटो काढायचे असतील तर निवड इथेच झाली.

ई१०० मध्ये पांढरा रंग खरोखर पांढरा येतो आणि चेहरे छान येतात. सावलीत किंवा ढगाळ दुपारी ती निळसर झुकते, तेव्हा ८१ए हा हलका उबदार फिल्टर बरोबर ठेवा.

पहिल्या रोलसाठी माझं मत ठाम आहे: ई१०० किंवा प्रोव्हिया, यातली जी मिळेल ती. व्हेल्व्हिया नको. व्हेल्व्हिया स्वतःच रंग इतका चढवते की लॅबमुळे आलेली हिरवी किंवा गुलाबी झाक तिच्यात लपून जाते. तटस्थ फिल्मवर राखाडी रंग राखाडी दिसला नाही की लगेच खटकतं. लॅब एकदा पटली की मग व्हेल्व्हियाचा डबा उघडा. आणि जी फिल्म घ्याल तिच्यावर काही रोल टिकून राहा. दर रोलला फिल्म बदलणाऱ्याला कुठलीच फिल्म कळत नाही.

विकत घेताना

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं आहेत, ऑनलाइन विक्रेतेही आहेत. कुठूनही घ्या, पण दुकानदाराला एक प्रश्न विचाराच: रोल फ्रिजमध्ये ठेवला होता का? अकोला-नागपूरकडचा मे महिना काचेच्या शोकेसमध्ये काढलेला रोल मुदत शिल्लक असूनही बिघडलेला असू शकतो. आणि मुदत संपलेली स्लाइड नवख्याने अजिबात घेऊ नये. जुन्या निगेटिव्हला जास्त प्रकाश देऊन निभावता येतं. स्लाइडला तसं करता येत नाही. तिच्यात काळा रंग पातळ होतो, रंगाची झाक येते, आणि मग लॅब चांगली की वाईट हे कळायला काही आधारच उरत नाही.

अमेरिकेहून किंवा जपानहून कुणी नातेवाईक येणार असेल आणि त्याच्याकडून रोल मागवणार असाल, तर त्याला सांगा की रोल हातातल्या सामानात ठेव, चेक-इन बॅगेत नको. त्या बॅगांसाठीची यंत्रं फार तीव्र असतात. हातातल्या सामानासाठीही आता अनेक विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत आणि तेही फिल्मला घातक असतात. तिथे पारदर्शक पिशवीत रोल काढून हाताने तपासायची विनंती करायची. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे यंत्रातून आयएसओ ५०-१०० चा रोल एकदा-दोनदा गेला तर फारसं बिघडत नाही.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये. वापरायच्या आधी बाहेर काढून डबी न उघडता तीन तास ठेवा, नाहीतर दमट हवेत थंड फिल्मवर दव धरतं.

लॅबमध्ये नेमकं काय होतं

हे थोडं समजून घेतलं की लॅबवाल्याशी बोलणं सोपं जातं. ई-६ मध्ये फिल्म आधी पहिल्या डेव्हलपरमध्ये जाते. तिथे प्रकाश लागलेल्या भागाची कृष्णधवल निगेटिव्ह तयार होते. मग रिव्हर्सल बाथ (चित्र उलटवणारं रसायन) उरलेल्या, प्रकाश न लागलेल्या भागाला रसायनानेच प्रकाश दाखवल्यासारखं करतो. कलर डेव्हलपरमध्ये त्या उरलेल्या भागात रंग तयार होतात. मग प्री-ब्लीच, ब्लीच आणि फिक्सर मिळून सगळी चांदी काढून टाकतात आणि फक्त रंगांचं सरळ चित्र शिल्लक राहतं. शेवटी फायनल रिन्स आणि वाळवण.

यातली नाडी पहिल्या डेव्हलपरच्या हातात. ठरलेला वेळ सहा मिनिटं, तापमान ३८ अंश, आणि कोडॅकने दिलेली सूट किती, तर ०.३ अंश. इथे वेळ किंवा तापमान वाढलं की अख्खी स्लाइड उजळ होते, कमी पडलं की काळवंडते. कलर डेव्हलपरची आम्लता-अल्कता घसरली की सगळ्या रोलवर एकच झाक पसरते. म्हणून या कामात शिस्त लागते, आणि शिस्त टिकायला रोजचं काम लागतं. रसायनाच्या टाक्या भरून ठेवल्या आणि महिन्याला दोनच रोल आले तर ते रसायन पडून पडून मरतं. आज ई-६ लॅब कमी उरल्यात त्याचं हे मोठं कारण आहे. कोपऱ्यावरच्या फोटो लॅबचं यंत्र बहुधा सी-४१ चंच असतं.

लॅबला काय विचारायचं

फोनवर किंवा काउंटरवर नम्रपणे, पण सोडून न देता विचारा. पहिला प्रश्न: “साहेब, ई-६ तुम्ही स्वतः धुता की पुढे पाठवता?” रोल घेणारे बरेच जण तो दुसऱ्या शहरात पाठवतात. त्यात गैर काही नाही, पण मग पुढचे प्रश्न त्या दुसऱ्या लॅबला विचारायचे असतात.

दुसरा: “किती दिवसांनी चालवता?” इथे उत्तर ऐकण्यात खरी मेख आहे. “दर शुक्रवारी, रोल जमले की” हे चांगलं उत्तर. “आला की लगेच धुतो” हे ऐकायला गोड लागतं, पण लगेच विचारा की कशात. जोबोसारख्या फिरत्या ड्रममध्ये दर वेळी ताजं रसायन वापरून ओतून देत असतील तर उत्तम, एका रोलसाठीही ते ठीक चालतं. टाकीत महिनोन्‌महिने तेच रसायन असेल तर मात्र दुसरी लॅब बघा.

तिसरा: पूर्ण सहा बाथची ई-६ की तीन बाथचं किट? तीन बाथच्या किटमध्ये रिव्हर्सलचं काम कलर डेव्हलपरमध्येच उरकतं आणि ब्लीच-फिक्स एकत्र असतात. त्यातून सुंदर स्लाइड निघू शकतात, मी ते कमी लेखत नाही. पण वर्षानुवर्षं टिकवायच्या कामासाठी मी पूर्ण प्रक्रियेची लॅब निवडेन.

चौथा: कंट्रोल स्ट्रिप चालवता का? कारखान्यातून ठरावीक एक्स्पोजर देऊन आलेल्या या पट्ट्या लॅबने धुवायच्या, डेन्सिटोमीटरवर (फिल्मचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायच्या आणि नोंद ठेवायची असते. या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा खुलला, त्याने फाइल काढून आलेख दाखवला, तर निश्चिंत व्हा. छोट्या लॅबकडे डेन्सिटोमीटर नसेलही. मग विचारा की रसायन बरोबर आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? परीक्षेच्या रोलवरून, जुन्या संदर्भ स्लाइडशी ताडून, असं काही ठोस उत्तर यायला हवं. “आजवर कुणाची तक्रार नाही” हे उत्तर मी धरत नाही.

शिवाय पुश-पुल (डेव्हलपरमधला वेळ वाढवणं किंवा कमी करणं) करता का, फिल्म अखंड परत देता की कापून, माउंट करून (चौकटीत बसवून) देता का, आणि रोल हरवला किंवा खराब झाला तर काय, हेही विचारून ठेवा. बहुतेक लॅबची जबाबदारी नव्या कोऱ्या रोलपुरतीच असते. हे आधीच माहीत असावं, म्हणजे लग्नाचे किंवा परत न मिळणारे फोटो अनोळखी लॅबला देण्याचं धाडस आपण करत नाही. आणि धुतलेली फिल्म परत हवी आहे, नुसते स्कॅन नकोत, हे स्वच्छ सांगा. काही ठिकाणी ग्राहक निगेटिव्ह न्यायला येतच नाहीत, त्यामुळे टाकून द्यायची सवय पडलेली असते.

परीक्षेचा रोल

पहिल्या फ्रेममध्ये कागदावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव, फोन आणि रोल क्रमांक लिहून तो फोटो काढा. लॅबमध्ये डब्या बदलल्या, पाकिटं बदलली, तरी फिल्म स्वतःच सांगेल ती कुणाची.

मग सकाळी दहाच्या सुमाराला स्वच्छ उन्हात एका माणसाला उभं करा. हातात ग्रे कार्ड (मीटर जोखायचं ठरावीक राखाडी कार्ड) द्या, खांद्यावर पांढरा पंचा, शेजारी काळी छत्री. मीटरप्रमाणे एक फ्रेम, मग एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि एक स्टॉप कमी, तसंच तेवढंच जास्त. सात फ्रेम झाल्या. हेच सावलीत पुन्हा. प्रत्येक फ्रेमची वही ठेवा. उरलेल्या फ्रेम तुम्हाला पुढे जे काढायचं आहे त्यावर खर्च करा: डोंगर, बाजार, घरातलं खिडकीपाशी बसलेलं माणूस. हाताशी पैसे असतील तर एकाच बॅचचे दोन रोल सारखेच काढून दोन लॅबना द्या. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यावर जे कळतं ते शंभर लोकांच्या शिफारशींतून कळणार नाही.

एक्स्पोजरचा मुद्दा इथेच घेऊ. स्लाइड जेमतेम पाच स्टॉपची दुनिया सांभाळते. निगेटिव्हवर सावली सांभाळायची असते, स्लाइडवर उजेड. पांढऱ्यातला तपशील एकदा गेला की फिल्मवर नुसती स्वच्छ काच राहते, आणि आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आषाढी वारीचं उदाहरण घ्या. दिवे घाट चढणारी ज्ञानोबांची पालखी, आकाशात ढग. तेव्हा उजेड मऊ असतो, पांढरी टोपी, सावळा चेहरा आणि हिरवा डोंगर सगळं त्या पाच स्टॉपमध्ये मावतं आणि स्लाइड अक्षरशः बोलते. मग ढग फाकतात आणि ऊन पडतं. आता कॅमेऱ्याचा सरासरी मीटर काय करेल याचा भरवसा नाही, कारण फ्रेममध्ये पांढरे सदरे किती आहेत यावर तो हेलकावे खातो. तेव्हा स्पॉट मीटरने (एकाच लहान जागेचा प्रकाश मोजणाऱ्या मीटरने) उन्हातला पांढरा सदरा मोजा. आयएसओ १०० ला तो शटर १/५०० सेकंद आणि छिद्र एफ/१६ असं काहीसं सांगेल. तो प्रत्येक गोष्टीला राखाडी समजतो, म्हणून त्याचं ऐकलंत तर सदरा राखाडी येईल आणि चेहरे काळे. दोन स्टॉप उघडलेत की १/१२५ आणि एफ/१६. भर उन्हात आयएसओएवढा शटर आणि एफ/१६, हा जुना आडाखा तो हाच. मी त्यातही अर्धा स्टॉप हात राखतो, छिद्र एफ/१६ आणि एफ/२२ च्या मध्ये, म्हणजे सदऱ्याची विण दिसते. छत्रीखालच्या सावलीतला चेहरा यात काळा जाईल. तो जाऊ द्या, किंवा त्या माणसाला उन्हात येऊ द्या. दोन्ही मिळवायचा हट्ट स्लाइडवर चालत नाही.

रोल देताना

रोल संपला की फिल्मचं टोक पूर्ण आत गुंडाळा. डबीवर पक्क्या मार्करने ‘ई-६, नॉर्मल’ लिहा. पुश हवं असेल तर तेही डबीवर आणि पावतीवर, दोन्हीकडे. ही दोन अक्षरं न लिहिल्यामुळे सी-४१ मध्ये गेलेले स्लाइड रोल लॅबवाल्यांनी बरेच पाहिलेत. रंग विचित्र, कॉन्ट्रास्ट भयंकर, आणि परत फिरायला वाट नाही.

काढलेला रोल घरी पडू देऊ नका. पावसाळ्यात तर नाहीच. बाहेरगावच्या लॅबला पाठवायचा तर प्लॅस्टिकच्या डबीत, झिप पिशवीत, वर पुठ्ठ्याचा खोका, आणि नोंद राहील अशी स्पीड पोस्ट. एका सहलीचे सगळे रोल एकाच पार्सलमध्ये आणि एकाच खेपेत कधीही पाठवू नका. अर्धे आज, ते नीट आले की उरलेले. पार्सल गहाळ झालं किंवा त्या दिवशी लॅबचं यंत्र बिघडलं, तरी अर्धी सहल हाती राहते.

महत्त्वाच्या कामासाठी क्लिप टेस्टची पद्धत आहे. लॅब रोलचा सुरुवातीचा तुकडा कापून आधी तेवढाच धुते. तो गडद निघाला तर उरलेला रोल थोडा पुश करता येतो. कापताना एखादी फ्रेम जाते. सगळ्या लॅब हे करत नाहीत, पण जी करते तिला आपलं काम कळतं असं समजायला हरकत नाही.

धुऊन आल्यावर कडा वाचा

फोटो बघायची घाई होते, ते स्वाभाविक आहे. तरी आधी कडा बघा. लाइट टेबल नसेल तर टॅबलेटच्या पडद्यावर पांढरं पान उघडून फिल्म त्याच्यापासून थोडी वर धरा, आणि आठपटीचं भिंग घ्या.

दोन फ्रेममधली पट्टी आणि भोकांभोवतीची कड यांना प्रकाश लागलेलाच नसतो. तिथे फिल्मला जमेल तेवढा गडद काळा यायला हवा. तो तपकिरी, हिरवट किंवा पातळ राखाडी असेल तर गडबड धुण्यात आहे, किंवा फिल्मच जुनी अथवा तापलेली आहे. याच्या उलट टोक म्हणजे सुरुवातीचा भाग, जो फिल्म भरताना भर उजेडात होता. तो काचेसारखा स्वच्छ हवा. त्यावर दुधट किंवा पिवळट पडदा असेल तर ब्लीच-फिक्स अपुरं झालंय. अशी फिल्म लॅबला पुन्हा ब्लीच-फिक्स करायला सांगता येते, आणि हा दोष त्यामुळे बहुधा निघतो.

आता कडेवरचे फ्रेमचे आकडे आणि फिल्मचं नाव. ते कारखान्यातच प्रकाशाने छापलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. म्हणून तेच तुमचे साक्षीदार. आकडे ठसठशीत, उजळ आणि कडा गडद काळ्या, तरी फोटो काळपट आले असतील, तर एक्स्पोजर तुमचं कमी पडलं. आकडेही मंद आणि फोटोही काळपट, तर पहिला डेव्हलपर कमी पडला. आकडे फुलून पसरल्यासारखे, काळा पातळ आणि सगळे फोटो उजळ, तर डेव्हलपर जास्त झाला. हे एवढं वाचता आलं की लॅबवाल्याशी वाद घालायची वेळच येत नाही. पट्टी समोर ठेवायची आणि दोघांनी मिळून बघायची.

मग ग्रे कार्डची फ्रेम. राखाडी रंग उन्हात राखाडी आहे का? सावलीत थोडा निळसर असणारच, तो आकाशाचा रंग आहे. उन्हातल्या सगळ्या फ्रेमवर सारखीच हिरवी किंवा मॅजेंटा झाक असेल तर ती रसायनाची. पण सगळाच रंगबदल लॅबच्या माथी मारू नका. कासच्या पठारावरची सीतेची आसवे किंवा तशी निळी-जांभळी फुलं स्लाइडवर डोळ्यांना दिसतात त्याहून गुलाबी येऊ शकतात, कारण काही निळी फुलं तांबड्याच्या पलीकडचा प्रकाशही परतवतात आणि फिल्मला तो थोडासा दिसतो. त्याला कुठलीही लॅब काही करू शकत नाही.

शेवटी फिल्म तिरपी धरून पृष्ठभाग बघा. रोलभर लांबीत गेलेली सरळ रेघ म्हणजे ओरखडा, कॅमेऱ्यातला किंवा यंत्रातला. पुढच्या रोलवर, दुसऱ्या लॅबमध्ये, तीच रेघ त्याच जागी आली तर कॅमेऱ्याची मागची पट्टी साफ करा. भोकांपासून फ्रेममध्ये शिरणारे फिकट-गडद पट्टे म्हणजे रसायन नीट हललेलं नाही. पाण्याचे वाळलेले डाग चकचकीत बाजूला असतील तर पुन्हा धुऊन जातात. तंतू किंवा बोटांचे ठसे चिकटलेले असतील तर ती लॅब काळजी घेत नाही, मग तिचा रंग कितीही अचूक असो.

एकच दोष एकदा आला तर लॅबला दाखवा आणि ती काय करते ते बघा. ज्या लॅबने “दाखवा बघू” म्हणून भिंग हातात घेतलं, तिला मी दुसरी संधी देतो. तोच दोष दुसऱ्यांदा आला तर लॅब बदला.

स्कॅन आणि साठवण

स्लाइडच्या सावल्या फार दाट असतात, साध्या फ्लॅटबेड स्कॅनरला त्या भेदत नाहीत. लॅबचे स्कॅन काळपट दिसले म्हणून स्लाइड वाईट असं समजू नका. निर्णय नेहमी पट्टी बघूनच. लॅबकडून स्कॅन घेणार असाल तर ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा आणि टिफ फाइल मागा. घरी मॅक्रो लेन्स असेल तर डिजिटल कॅमेऱ्याने, चांगल्या दिव्यावर, ब्रॅकेट करून (कमी-जास्त प्रकाशाच्या अनेक फ्रेम घेऊन) काढलेली नक्कल बऱ्याचदा सरस येते.

स्लीव्ह (फिल्म ठेवायचे पारदर्शक कप्पे) पॉलिप्रॉपिलीनचे किंवा पॉलिएस्टरचे घ्या, पीव्हीसीचे नकोत. मुंबई-कोकणच्या हवेत जिलेटिनवर बुरशी हमखास धरते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पावसाळ्याच्या तोंडाला जेल भाजून कोरडं करून घ्या. प्रोजेक्टर मिळाला तर घरच्यांना भिंतीवर जरूर दाखवा, मात्र एकच स्लाइड मिनिटांमागून मिनिटं दिव्यासमोर ठेवू नका, रंग उडतात.

घरी धुण्याचा विचार काही रोलनंतर करा. किट मिळतात, तापमान धरून ठेवणारी साधनं मिळतात, आणि ०.३ अंशाची शिस्त जमली तर काम उत्तम होतं. पण चांगल्या लॅबची स्लाइड कशी दिसते हे डोळ्यांत बसल्याशिवाय आपली स्लाइड बरोबर आहे की नाही हे ठरवणार कशावर?

लॅब पटली, मीटरचा अंदाज आला, आता रोल साठवायचे. खोक्यावर मुदतीच्या तारखेशेजारी इमल्शन क्रमांक, म्हणजे बॅचचा क्रमांक, असतो. परीक्षेच्या रोलवरचा तोच क्रमांक दुकानदाराकडे मागा, परवडतील तेवढे रोल एकदम घ्या आणि फ्रीजरमध्ये टाका. तिथून काढलेला रोल उघडण्याआधी सहा तास बाहेर ठेवायचा, म्हणजे सकाळी निघायचं असेल तर आदल्या रात्रीच काढा.